नरांच्याच पिलावळीची कुळकथा

कुंभकोणमजवळ कोळ्ळिडम या कावेरीच्या शाखेवर लोअर अणैकट हा बंधारा आहे. आर्थर कॉटनने १८३६ मध्ये तो बांधला भाताच्या पाण्यासाठी. पण समुद्राकडून नदीत चढणारी गोड्या पाण्यातल्या कोळंबीची पिल्लं त्याच्याशी येऊन अडतात. या कोळंबीचं सारं आयुष्य गोड्या पाण्यात जातं, जन्म मात्र मचूळ पाण्यात. तळ्यात पाळायला निघालेल्यांना हेच कोडं आडवं आलं. १९६० च्या दशकाच्या आरंभी शाओ-वेन लिंग यांनी मलेशियात अळ्यांना खारट पाणी दिलं आणि त्या जगल्या.

बीज हाती आलं, आता प्रश्न वाढीचा. बाजारात ‘स्कॅम्पी’ म्हणतात त्या जातीत नर मादीपेक्षा बराच मोठा होतो. मग तळ्यात नरच का सोडू नयेत? याची किल्ली १९५४ मध्येच फ्रान्समध्ये एलेन शार्नियो-कोतों यांना एका इवल्याशा वाळूउडीत सापडली होती: नरपण घडवणारी ग्रंथी. स्कॅम्पीत ती शेवटच्या चालपायाच्या बुडाशी, शुक्रनलिकेला चिकटून असते. कोवळ्या नराची ही ग्रंथी काढली की तो मादी होऊन वाढतो आणि अंडीही देतो. नराची दोन्ही लिंग-गुणसूत्रं झेड. म्हणून अशा मादीची साध्या नराशी जोडी लावली की सगळी पिल्लं नरच. इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठात अमीर सागी यांच्या गटाने पुढे सुरीही टाळली. आरएनए टोचून ग्रंथीचं जनुक तात्पुरतं गप्प केलं. भारतात हे तंत्र आणलं राजीव गांधी मत्स्यपालन केंद्राने. त्याचं मुख्यालय कुंभकोणमच्या ईशान्येला, सिरकाळीत आहे.

याला जनुकीय बदल म्हणणं मला पटत नाही. पिल्लांत परकं जनुक नसतं, आणि टोचलेलं आरएनए आईपुरतंच राहतं. कोणी म्हणेल, नरांतही निळ्या नांग्यांचे दांडगे आणि त्यांच्या धाकाने खुरटलेले बारके असतातच. खरं आहे, एकटं लिंग पुरत नाही. वाढ सुधारण्यासाठी भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने २००७ पासून गुजरात, केरळ आणि ओडिशातली कोळंबी एकत्र करून पिढ्यान्‌पिढ्या निवड चालवली. दुसरा आक्षेप मला जड वाटतो. ही नरपिल्लं वांझ नसतात. तळ्याचा बांध फुटला तर ती नदीतल्या माद्यांशी जोडी जमवतील आणि दूरच्या नद्यांचं रक्त इथल्या कुळात मिसळेल. जनुक घालणं आणि कुळ मिसळणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कावेरीच्या खोऱ्यात जपायला हवं ते दुसरीपासून.