दैव, दौलत आणि दक्षता

आपत्तीत माणसे दगावली की 'दैवाचा कोप' म्हणून आपण मोकळे होतो. इतिहास मात्र आपली इतक्या सहज सुटका करीत नाही.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात लाखो माणसे मेली. सरकारी कामे तेव्हाही निघाली होती. परंतु सर रिचर्ड टेंपल यांनी रोजची मजुरी पौंडभर धान्य आणि वर थोडे पैसे एवढ्यावर आणली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठविला. १९७२ साली महाराष्ट्रात पुन्हा पाऊस रुसला. गुरे मेली, माणसे अर्धपोटी राहिली. पण तसा प्रेतांचा खच पडला नाही. शेतकरी तोवर श्रीमंत झाला होता काय? मुळीच नाही. मात्र १९७३ च्या उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसांना दुष्काळी कामांवर मजुरी मिळत होती, आणि सरकारला जाब विचारणारा मतदार होता.

आता भूकंप पाहा. १९८९ मध्ये कॅलिफोर्निया ६.९ तीव्रतेच्या धक्क्याने हादरला. ६३ माणसे गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस त्याहून सौम्य धक्का बसला. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली होती. सुमारे आठ हजार माणसे गेली. मारले ते दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदाच्या ओझ्याने. असा वाडा हे ऐपतीचे लक्षण होते. कुडाची झोपडी मात्र कमी घातक ठरली. म्हणजे पैसा होता, पण तो योग्य बांधणीत उतरला नव्हता.

मुंबईचेच उदाहरण घ्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्यास ७५ सुद्धा नाही. पाऊस निसर्गाचा खरा. पण मिठी नदीचे पात्र विमानतळासाठी वळविले आणि भराव घालून आवळले, ते आपल्या विकासाने. साकीनाक्यास दरड कोसळली ती तिच्या पायथ्याशी राहणाऱ्यांवर. ते तेथे हौसेने राहत नव्हते. रोजगार देणाऱ्या शहराने त्यांना दुसरी जागा ठेवली नव्हती.

तेव्हा संपत्ती माणसे वाचविते, हे खरे. परंतु तिची मजुरी, मजबूत भिंत आणि मोकळा नाला झाला तरच. गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींच्या दुरुस्तीसाठी १९६९ मध्ये कायदा झाला, उपकर बसला. तरीही दर पावसाळ्यात जिन्याच्या टेकूकडे पाहून छातीत धस्स होते. तो टेकू काही दैवाने लावलेला नाही.