कुबट वासाचा इतिहास : रेशमी छत्रीपासून नायलॉनपर्यंत

मंडळी, आजचा विषय ऐकून काही जण हसले असतील. पॅराशूटला येणारा कुबट वास, आणि त्याचा म्हणे इतिहास! पण पावसाळ्यानंतर ट्रंक उघडल्यावर पैठणीला जो वास येतो, तो नाकात गेला की आपल्या घरातली बाई आधी काय करते? अत्तर शिंपडत नाही. साडी उलगडते, उजेडाकडे धरते, घडीवर बोट फिरवून बघते. कापड जिरलं तर नाही ना, हा पहिला प्रश्न, वासाचा नंतर. पॅराशूटची गोष्ट नेमकी हीच आहे, फक्त इथे घडीवर फाटलं तर माणूस जातो.

22 ऑक्टोबर 1797 ला पॅरिसमध्ये आंद्रे-जाक गार्नेरँ बलूनमधून रेशमी छत्री घेऊन उतरला. तेव्हापासून जवळजवळ दीडशे वर्षं पॅराशूट म्हटलं की रेशीम. हलकं, मजबूत, घडी लहान. 1919 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत डेटनजवळ लेस्ली अर्विनने विमानातून उडी मारून मग हाताने दोरी ओढली आणि पाठीवर बांधायचं पॅराशूट खऱ्या अर्थाने वापरात यायला लागलं. इथूनच वासाचा प्रश्नही सुरू झाला. कारण पाठीवरची छत्री बहुतेक वेळ उघडलेली नसतेच. ती महिनोन्‌महिने घट्ट घडीत, अंधारात, माणसाच्या घामाला लागून बसलेली असते. बुरशीला आणखी काय हवं? आणि रेशीम म्हणजे शेवटी किड्याने काढलेलं प्रथिन. बुरशीच्या दृष्टीने ते अन्नच.

म्हणून ब्रिटिश हवाई दलाच्या तळांवर पॅराशूटसाठी वेगळी इमारत असायची, मधलं छप्पर मुद्दाम उंच केलेलं. छत्र्या तिथे टांगायच्या, वाळवायच्या, मग घडी. घडी घालणाऱ्या बहुतेक बायका. अमेरिकेत जंगलाच्या वणव्यांवर पॅराशूटने उतरणारे लोक आहेत, त्यांची पहिली उडी 12 जुलै 1940 ची. मॉन्टानातल्या मिझूला इथल्या त्यांच्या तळावरही छत्र्या टांगायला उंच मनोरा आहे. झाडांत अडकून, चिखलात पडून आलेली छत्री आधी वर टांगायची, काडीकचरा झटकायचा, पूर्ण वाळू द्यायची. वास घालवायचं म्हणून वेगळं काही करावंच लागत नाही, कारण तो धरूच दिला जात नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत शहाणपणाचं यंत्र. त्यात यंत्र असं काही नाही, नुसती उंची आणि वारा.

मग युद्ध आलं. अमेरिकेचं बहुतेक रेशीम जपानहून यायचं, ते 1941 मध्ये बंद झालं. ड्यूपाँ कंपनीचं नायलॉन तोवर बायकांच्या मोज्यांत गेलं होतं, ते आता छत्रीत आलं. 6 जून 1942 ला कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला अ‍ॅडलिन ग्रे या तरुणीने नायलॉनच्या पॅराशूटने उडी मारली.

आपल्याकडे त्याच सुमारास वेगळंच चाललं होतं. बर्माच्या आघाडीवर जनरल स्लिमच्या चौदाव्या सैन्याला रसद विमानातून टाकावी लागे आणि छत्र्या पुरत नव्हत्या. तेव्हा कलकत्त्याच्या तागाच्या कारखानदारांकडून तागाच्या छत्र्या करून घेतल्या. ‘पॅराज्यूट’ म्हणत त्यांना. खर्च एका पौंडाहून जरासा जास्त. नेहमीच्या छत्रीला वीस पौंडांहून अधिक लागत. आता ताग ओलाव्यात किती टिकतो हे आपल्याला सांगायला नको, गोणपाट पावसात पडलं की काय होतं ते बघितलंय सगळ्यांनी. पण ही छत्री तांदळाच्या पोत्यासाठी, आणि एकदाच पडायची. तिला कुबट वास येण्याइतकं आयुष्यच नव्हतं.

त्याच युद्धात पॅसिफिकच्या बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि पट्टे कुजत होते. ते का कुजतात हे शोधताना सॉलोमन बेटांवरच्या कापडातून एक बुरशी वेगळी काढली. एल्विन रीझ या शास्त्रज्ञावरून तिला पुढे ट्रायकोडर्मा रीझी नाव पडलं. गंमत अशी, की तंबू खाणाऱ्या याच बुरशीची विकरं आज जीन्सला जुना, विटका रंग आणायला वापरतात.

तर नायलॉन आलं आणि प्रश्न सुटला का? अर्धाच. नायलॉन बुरशीला सहसा पचत नाही. पण त्यावरचा घाम, माती, गवताचा रस, मेलेला किडा, हे सगळं पचतं. अमेरिकेच्या विमानवाहतुकीच्या नियमात हा फरक आजही लिहिलेला सापडतो. रेशीम किंवा दुसरा नैसर्गिक धागा असलेलं आणीबाणीचं पॅराशूट दर 60 दिवसांनी उघडून तपासून पुन्हा बांधायचं. बुरशीला दाद न देणारं, पूर्ण कृत्रिम धाग्याचं असेल तर 180 दिवसांनी. 2008 च्या डिसेंबरपर्यंत ही मुदत 120 दिवस होती. कायद्यात बुरशीचा नावानिशी उल्लेख आहे, बघा.

आणि नायलॉनने स्वतःचे शत्रू आणले. ऊन, क्लोरीनचं ब्लीच, आम्ल. 1980 च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेत काही गोल राखीव पॅराशूटांत लावलेली जाळी आम्लधर्मी निघाली. तिला लागून घडी झालेलं कापड कमजोर होत गेलं. वास नाही, डाग नाही, दिसायला नवंकोरं. रिगर, म्हणजे परवानाधारक बांधणी करणारे, ब्रोमोक्रेसॉल ग्रीन नावाचं द्रावण जाळीला लावून बघू लागले. आम्ल असलं की ते पिवळं पडे. मग कापड चिमट्यात धरून ठरलेल्या जोराने ओढून पाहायचं. धुऊन आम्ल काढता येई, पण गेलेली ताकद परत येत नसे.

हे ठाऊक असलं की आजच्या उड्या मारणाऱ्यांना दिला जाणारा सल्ला आपोआप कळतो. कुबट वास आला म्हणून व्हिनेगर? नको, ते आम्लच. ब्लीच नको. गच्चीवर कडक उन्हात टाकणं नको. पैठणीलाही आपण सावलीतच वारा देतो. वॉशिंग मशीन तर नाहीच. कापडातून हवा किती झिरपते यावर छत्री कशी उघडेल आणि किती हळू उतरेल हे ठरतं. धुण्याने आणि घासण्याने ते झिरपणं वाढतं, सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडाचा लेपही जातो. मुख्य छत्री उघडून कोरड्या, अंधाऱ्या खोलीत टांगायची, पंखा लावायचा, दोन-चार दिवस सोडायची. समुद्रात पडली असेल तर आधी साध्या गोड्या पाण्यात बुचकळून मीठ काढायचं. वास बहुतेक वेळा छत्रीत नसतोच. तो पाठीवरच्या पिशवीच्या आणि पट्ट्यांच्या फोमच्या गादीत मुरलेला असतो. ती कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने हाताने पुसता येते, पण राखीव छत्री आणि ती आपोआप उघडणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण रिगरने आधी काढून घेतल्यावरच. त्याच वेळी तो कड्या आणि तारा गंजल्यात का, शिवणीत काळे ठिपके आहेत का, हेही बघतो.

सुगंधी फवारा मारून सामान परत फडताळात टाकणारे लोक आहेत. वास जातो खरा. ओल तिथेच असते, आणि पुढच्या वेळी पिशवी उघडणाऱ्या रिगरला काही चुकतंय हे नाकाने कळायची जी एक सोय होती, तीही गेलेली असते.