नियम माहीत नसताना लिहिलेला सर्व्हर

ऑफिसात एका टेबलावर विंडोज, शेजारी लिनक्स, आणि दोन्हींवर एकच सामायिक फोल्डर उघडतो. यात विशेष काही आहे असं तुम्हाला वाटणारही नाही. 1991 साली मात्र हे इतकं सरळ नव्हतं. ते सोपं होण्यात एका पीएचडीवाल्याचा मोठा वाटा आहे, म्हणून ही गोष्ट मला जरा जवळची.

अँड्र्यू ट्रिजेल तेव्हा कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होता. हाताशी डॉसचा पीसी, फाइल्स मात्र सनच्या युनिक्स मशीनवर. पीसीवर त्याला डिजिटल इक्विपमेंट कंपनीचं पाथवर्क्स वापरायचं होतं. पण ते डिजिटलच्याच सर्व्हरशी बोलायचं, सनच्या मशीनशी नाही.

संभाषणाचे नियम त्याच्याकडे नव्हते. मग त्याने पीसी आणि डिजिटलचा सर्व्हर यांच्यातलं बोलणं नेटवर्कवर चक्क ऐकलं. पीसीने फाइल मागितली की कोणते बाइट जातात आणि उत्तरात कोणते येतात, हे पॅकेटमागून पॅकेट टिपायचं. मग सनवरून तसंच उत्तर पाठवून बघायचं. पीसीला ते पटलं, तर अंदाज बरोबर. प्रयोगशाळेत आपण वेगळं काय करतो? फक्त इथे निसर्गाच्या जागी एका कंपनीचं सॉफ्टवेअर होतं.

जानेवारी 1992 मध्ये त्याने हा प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला केला आणि नंतर जवळपास दोन वर्षं बाजूला ठेवला. मग घरी बायकोचा विंडोज पीसी स्वतःच्या लिनक्सला जोडायची वेळ आली. जुना प्रोग्राम लावून पाहिला, तर तो चालला! त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. कारण पाथवर्क्सची ती भाषा डिजिटलची खाजगी नव्हतीच. ती होती एसएमबी: आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉमने सुरू केलेली, पुढे मायक्रोसॉफ्टने वाढवलेली.

प्रोग्रामचं 'एसएमबीसर्व्हर' हे नाव दुसऱ्या एका कंपनीचा ट्रेडमार्क निघालं. मग त्याने शब्दांच्या यादीत एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने असलेले शब्द शोधले. त्यात सापडला 'साम्बा'.

भाषा जुळली तरी सवयी वेगळ्या. युनिक्सला मोठ्या आर चा 'रिपोर्ट' आणि छोट्या आर चा 'रिपोर्ट' या दोन फाइल्स वाटतात, विंडोजला एकच. शिवाय डॉसला नाव 8 अक्षरांचं आणि पुढचं शेपूट 3 अक्षरांचं लागायचं. त्यामुळे साम्बाला लांब नावं कापून द्यावी लागत, आणि मागितलेलं नाव तसंच्या तसं मिळालं नाही तर अख्खी डिरेक्टरी चाळावी लागे. मला विचाराल तर पॅकेट ऐकण्याइतकंच हे काम किचकट. त्याचं कौतुक मात्र कुणी करत नाही.

त्यात विंडोजच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर संभाषणही बदलायचं. पुन्हा ऐका, पुन्हा अंदाज बांधा. 2004 मध्ये युरोपियन कमिशनने मायक्रोसॉफ्टला ही माहिती प्रतिस्पर्ध्यांना देण्याचा आदेश दिला, आणि सप्टेंबर 2007 मध्ये कोर्टाने तो कायम ठेवला. त्या डिसेंबरमध्ये, एका ना-नफा संस्थेमार्फत एकदाच 10,000 युरो भरून, साम्बाच्या टीमला अधिकृत कागदपत्रं मिळाली. तोवर ट्रिजेलने ऐकायला सुरुवात करून 16 वर्षं झाली होती.