भाजीचा देठ आणि सुई-दोरा: गनिमी युद्ध समजून घ्यायला काय वाचावं?

गनिमी कावा म्हटलं की डोळ्यांपुढे खिंड येते, अंधार येतो, वरून गडगडत येणारे दगड आणि गाफील शत्रू येतो. चौथीच्या पुस्तकापासून मनात बसलेलं हे चित्र खोटं नाही, पण अपुरं आहे. छापा एका रात्रीत संपतो, युद्ध मात्र वर्षानुवर्षं चालतं. मधल्या दिवसांत घोड्यांना दाणा कोण घालतं? शत्रूची खबर कोण आणतं? जखमी शिपाई कोणाच्या घरात लपतो? आणि या सगळ्याची किंमत कोण मोजतं? हे प्रश्न मनात ठेवून वाचायच्या काही गोष्टी इथे सुचवतो.

सुरुवात पुस्तकाने नको, एका पत्राने करा. राज्याभिषेकाच्या थोडं आधी चिपळूणजवळ छावणीला असलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी लिहिलेलं हे पत्र इतिहासाचार्य राजवाड्यांनी छापलं. वाचायला पाच मिनिटं लागतात. त्यात लढाई नाहीच. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आत्ताच उधळलीत, तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांकडून धान्य, लाकूडफाटा, भाजीपाला ओढून आणाल. लोक गाव सोडून जातील आणि तुमच्यापेक्षा मुघल बरे म्हणतील, असा त्याचा आशय आहे. भाजीच्या देठालाही हात लावू नका, ही ताकीद इथलीच. रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर वात पळवेल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथवर राजाचं लक्ष आहे. फौज गावावर जगते, आणि गाव उलटलं की फौज संपते, हे ओळखलेल्या माणसाचं हे पत्र आहे.

याला जोडून रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेलं 'आज्ञापत्र' वाचा. १७१५ च्या सुमाराचा हा छोटा ग्रंथ. त्यातलं किल्ल्यांचं प्रकरण प्रसिद्ध आहे. पण आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात, हा भाग चुकवू नका. औरंगजेबाशी पाव शतक झुंजलेल्या पिढीचा अनुभव त्यात आहे.

आता समोरच्या छावणीत जाऊ. भीमसेन सक्सेना हा मुघलांच्या नोकरीतला कायस्थ. त्याच्या फारसी 'तारीख-ए-दिलकुशा'त दख्खनच्या मोहिमेतली थकलेली फौज दिसते. औरंगजेब १६८१ साली दक्षिणेकडे निघाला आणि १७०७ मध्ये अहमदनगरला वारला. उत्तरेत परतलाच नाही. संताजी-धनाजीच्या छाप्यांबद्दल आपण अभिमानाने बोलतो. जहागिरीतून वसूल न येणं, जमीनदारांनी मराठ्यांशी हातमिळवणी करणं, शेती सोडून माणसं शस्त्राकडे वळणं, हे मात्र भीमसेन सांगतो. मोठं साम्राज्य नुसत्या छाप्यांनी हरत नाही. गावं त्याच्या हातून निसटत जातात आणि ते पोकळ होतं.

हा इतिहास दहिसरकरांना लांबचा वाटायचं कारण नाही. दहिसरहून विरारकडे जाणारी लोकल धरली की चौथं स्टेशन वसई रोड. १७३७ पर्यंत ही सगळी साष्टी पोर्तुगीजांकडे होती. चिमाजी अप्पाच्या मोहिमेत त्या वर्षी ठाणं मराठ्यांनी घेतलं, वसई पडायला मात्र मे १७३९ उजाडला. य. न. केळकरांचं 'वसईची मोहीम' आणि त्याच्या सोबतीला 'साष्टीची बखर' वाचा. वसईच्या तटाखाली सुरुंग लावून केलेला तो वेढा म्हणजे गनिमी कावा नव्हे. तोवर मराठ्यांकडे राज्य होतं, तोफा होत्या. पण मोहिमेचं बीज कुठे होतं? अंजूरचे गंगाजी नाईक, मालाडचे अंताजी रघुनाथ अशा स्थानिक माणसांत. पोर्तुगीज अंमलाखालची गाऱ्हाणी आणि मुलखाची बित्तंबातमी त्यांनी पुण्यापर्यंत पोचवली. बखर नाईकांच्या बाजूने बोलते, हे मात्र ध्यानात ठेवून वाचा.

जगाकडे वळलं तर पहिलं नाव माओचं. गनिमी युद्धावरचं त्याचं पुस्तक १९३७ चं. गनीम मासा आणि जनता पाणी, ही उपमा त्यातूनच लोकप्रिय झाली. त्याच्या लाल सेनेचा एक नियम होता: जनतेकडून सुई किंवा दोरासुद्धा घ्यायचा नाही. चिपळूणच्या पत्रातला भाजीचा देठ आठवला ना? दोघांनी एकमेकांचं काही वाचलेलं नव्हतं. त्यांच्यापुढची अडचण एकच होती.

चे गेव्हाराने १९६० साली याच विषयावर पुस्तक लिहिलं. पण त्याआधी त्याची बोलिव्हियातली डायरी वाचा. शेतकरी आपल्याला येऊन मिळत नाहीत, ही नोंद तिच्यात पुन्हा पुन्हा येते. ऑक्टोबर १९६७ मध्ये तो पकडला गेला आणि मारला गेला. युद्धाची पद्धत त्याला पाठ होती, पण पाणीच नव्हतं. डेव्हिड गलुला हा अल्जीरियात लढलेला फ्रेंच अधिकारी. बंड कसं मोडायचं यावरच्या त्याच्या १९६४ च्या पुस्तकाचाही गाभा तोच: लढाई जमिनीसाठी नसते, लोकांसाठी असते.

म्हणजे दोन्ही बाजूंना गाव हवं असतं. गावाला काय हवं असतं, हे सांगणारं लेखन फार कमी आहे. म्हणून गंगारामाचं 'महाराष्ट्र पुराण' वाचायलाच हवं. नावावर जाऊ नका. हे १७५१ च्या सुमाराचं बंगाली काव्य आहे आणि त्याचा इंग्रजी अनुवाद झालेला आहे. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सरदार भास्करपंत बंगालवर चालून गेला, त्या स्वारीचं हे वर्णन. पोथ्या घेतलेले ब्राह्मण, तराजू घेतलेले सोनार, जाळी घेतलेले कोळी असे सगळे पळताहेत, आणि पळताहेत ते आपल्या घोडेस्वारांपासून. झपाट्याने येणं, लुटणं, नाहीसं होणं, हीच चपळाई सह्याद्रीत आपल्याला वाचवत होती. बंगालमध्ये अजूनही मुलांना झोपवताना 'बर्गी' आल्याचं गाणं म्हणतात. ते बर्गी म्हणजे आपले बारगीर. मराठी वाचकाला हे वाचताना त्रास होतो, आणि तो व्हायला हवा.

शेवटी आजचं एक पुस्तक. नंदिनी सुंदर यांचं 'द बर्निंग फॉरेस्ट' (२०१६) हे आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरबद्दल आहे. एका बाजूला माओवादी, दुसऱ्या बाजूला सरकारी दलं आणि २००५ मध्ये उभं राहिलेलं सलवा जुडूम, मधे आदिवासी पाडे. रात्री कोणाला भात वाढला, याचा जाब सकाळी दुसराच कोणीतरी विचारतो. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी तरुणांना असं हत्यारबंद करणं घटनाबाह्य ठरवलं. तो निकालही वाचण्याजोगा आहे.

एवढं सगळं एका दमात होणार नाही. आज लोकलमध्ये चिपळूणचं पत्र वाचा, रविवारी गंगाराम. दोन्ही वाचताना घोडा कोणाचा हे थोडा वेळ विसरा, आणि त्याच्या तोबऱ्यातला दाणा कोणाच्या घरचा आहे ते शोधा.