पायीची वहाण आणि जयपूरचा पाय

सरकारी नोकरीचा आणि पादत्राणांचा संबंध आपल्या भाषेने फार पूर्वीच ओळखला आहे. कचेरीत काम अडले की माणूस 'जोडे झिजवतो'. ज्याच्यासाठी ते झिजतात तो अधिकारी मात्र खुर्चीवर स्थिर असतो. भाषेत आणखीही एक म्हण आहे : 'पायीची वहाण पायी बरी.' तिचा रोख वहाणेवर नसून माणसांवर आहे. ज्याची जागा खाली, त्याने खालीच राहावे, असा त्या म्हणीचा उपदेश. वहाणेला आपण हलके मानले, वहाण करणाऱ्या हातांना त्याहून हलके मानले, आणि पुढे त्या दोहोंवाचून आपले पाऊलही पुढे पडत नाही ही गोष्ट विसरून गेलो. 'पायताण' हा शब्द 'पादत्राण' या संस्कृत शब्दाचा घरगुती अवतार आहे. पायांचे त्राण, म्हणजे रक्षण, हे त्याचे मूळ कार्य. जयपुरासारख्या शहरात बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला या शब्दाचा खरा अर्थ नव्याने शिकावयास मिळतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

सवाई जयसिंहांनी १७२७ साली जयपूर वसविले ते आखणी करून. सरळ रस्ते, काटकोनातले चौक, आणि धंद्याधंद्यांच्या वस्त्या. रामगंज बाजारात मोजड्यांची दुकाने आजही आहेत. नवागत मराठी गृहस्थ तेथे जातो तो बहुधा नक्षीला भुलून. मखमलीवर जरीचे काम, पुढे किंचित वर वळलेले टोक, आणि रंग असे की पाय घालावा की जोडा भिंतीवर टांगावा असा संभ्रम पडावा. घरी येऊन पाहतो तो दोन्ही जोडे तंतोतंत सारखे. डावा कोणता आणि उजवा कोणता ते कळण्यास मार्ग नाही. त्याला वाटते, आपण फसलो. वस्तुतः फसवणूक काहीच झालेली नसते. परंपरागत मोजडीला डावे-उजवे नसतेच. कातडे ओले आणि मऊ असताना ती सरळ कलबुतावर बेतली जाते आणि पुढे घालणाऱ्याच्या पायाने तिला आकार येतो. म्हणून नवी मोजडी काही दिवस चावते. जाणते लोक तिला आतून मोहरीचे तेल लावतात आणि आलटून पालटून दोन्ही पायांत घालतात. युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत असेच सरळ जोडे सर्रास वापरात होते. तेव्हा यास मागासलेपण म्हणण्याचे कारण नाही.

मोजडी तयार होण्यापूर्वीची कहाणी अधिक महत्त्वाची आहे. राजस्थानात कातडे कमावण्याचे काम परंपरेने रैगर समाजाकडे, शिवण्याचे मोची समाजाकडे. पुरुष कातडे कापतात आणि तळवा शिवतात. वरच्या भागावरचे भरतकाम बहुधा घरातल्या स्त्रिया करतात. कमावण्यासाठी झाडांच्या साली लागतात : बाभूळ, आणि माळरानावर उगवणारा तरवड, ज्याला तिकडे आवळ म्हणतात. आपल्या कोल्हापुरीचेही शास्त्र हेच. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे, चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण, आणि लोखंडी खिळ्याला फाटा. खिळा गंजतो आणि कातडे खातो. वादी कातड्याबरोबरच झिजते. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांतील प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून २०१९ साली कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ साली इटलीतील एका विख्यात फॅशनगृहाने तशाच घाटाच्या वहाणा मिलानच्या प्रदर्शनात मांडल्या तेव्हा मूळ कारागिरांचा नामोल्लेखही नव्हता. ओरड झाल्यावर तो झाला. पायीची वहाण पायीच राहिली होती. तिचे मोल तेवढे दुसऱ्याच्या खिशात जात होते.

जोडा हा प्रतिष्ठेचाही विषय होता, आणि ती कथा सरकारी नोकरांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. देशी रिवाज असा की मोठ्या माणसासमोर पादत्राणे बाहेर काढून जावे. इंग्रजांनी तो रिवाज आपल्या सोयीसाठी उचलला : साहेब बूट घालून बसे आणि देशी माणसाने अनवाणी आत यावे. १८५४ साली गव्हर्नर जनरलच्या सरकारने बंगालमधील देशी गृहस्थांना सरकारी आणि निमसरकारी प्रसंगी युरोपीय पद्धतीचे बूट घालण्याची मुभा दिली. म्हणजे देशी जोडा बाहेर आणि विलायती बूट आत! मानाचा निकष पायाला नव्हता, बुटाच्या बनावटीला होता. १८६२ साली सुरतेच्या फौजदारी अदालतीत मानकजी कावसजी एंटी नावाच्या पारशी गृहस्थांनी बूट घालून प्रवेश करू पाहिला तेव्हा त्यांना ते काढावयास लावण्यात आले, आणि त्या एका घटनेवरून पुष्कळ वाद माजला. पण इंग्रजांना दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. याच देशातील कितीतरी गावांत दलितांना वरच्या जातींच्या वस्तीतून पायांत जोडा घालून जाण्याची बंदी होती. जो जोडा शिवी, त्यालाच तो हातात घेऊन चालावे लागे. यापरते क्रूर विडंबन शोधूनही सापडणार नाही.

दरबार आणि कचेरी यांनी जोड्याला मान दिला. कामाच्या जागेने त्याला काम दिले, पण फार उशिरा. सैन्याचे जाड खिळेदार बूट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कानपूरच्या कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. मजुराच्या पायांत मात्र काहीच नसे. धरणे, रेल्वेमार्ग, रस्ते, मकराण्याच्या संगमरवराच्या खाणी, ही सारी कामे अनवाणी किंवा फाटक्या वहाणांनी झालेली आहेत. जयपुराजवळचे सांभर सरोवर मिठाचे. त्याचे उत्पादन १८७० च्या सुमारास जयपूर आणि जोधपूर दरबारांकडून इंग्रज सरकारने भाडेपट्ट्याने घेतले. मीठ ओढणारे पाय मात्र पूर्वीचेच राहिले. खारे पाणी पायाच्या कातडीचे काय करते ते कच्छच्या रणातील अगरियांविषयी सांगितल्या जाणाऱ्या एका गोष्टीवरून कळेल : चितेवर सारे शरीर जळते, पावले तेवढी जळता जळत नाहीत. स्वातंत्र्यानंतर १९५७ च्या कोळसा खाणींच्या आणि १९६१ च्या धातूंच्या खाणींच्या नियमावलीत संरक्षक पादत्राणांची तरतूद झाली. कायद्याच्या भाषेत मजुराचे पाऊल आले ते असे.

पण कायद्याने दिलेले पादत्राण पायांत राहतेच असे नाही. हा धडा ज्या ठिकाणी सर्वांत स्पष्टपणे शिकला गेला ते ठिकाण जयपूरच होय. आणि तेथे प्रश्न बुटाचा नसून साक्षात पायाचा होता.

सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यचिकित्सक होते. पाय गमावलेल्या माणसांना त्या काळी जे कृत्रिम पाय मिळत, त्यांतील प्रमुख म्हणजे १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत सिद्ध झालेला 'सॅच' पाय. घोटा घट्ट, टाच मऊ अशी त्याची रचना. शास्त्रदृष्ट्या तो उत्तम होता. अडचण एवढीच की तो बुटात घालण्यासाठी बनविलेला होता. बूट त्याचे रक्षण करी आणि बूटच त्याचे रूप झाकी. अमेरिकेतील माणूस बूट घालून घरात वावरतो, खुर्चीवर बसतो, मेजावर जेवतो. त्याला यात उणे भासले नाही. आमचा शेतकरी चिखलात उतरतो, उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो, देवळाच्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पादत्राण काढतो. ताठ घोट्याने त्याला उकिडवे बसता येईना. बूट काढला तर पाय उघडा पडे. बूट ओला झाला तर आतला पाय कुजे. मग तो कृत्रिम पाय कोनाड्यात जाई आणि माणूस पुन्हा कुबड्यांवर येई. रुग्णालयाच्या दप्तरात मात्र 'पाय दिला' अशी नोंद राही.

येथे दुसऱ्या माणसाचा प्रवेश होतो. रामचंद्र शर्मा, सर्वांचे 'मास्टरजी', हे जात्या कारागीर. शालेय शिक्षण जेमतेम. रुग्णालयात हस्तकला शिकवीत. डॉक्टरांना शरीर ठाऊक होते, मास्टरजींना पदार्थ ठाऊक होते. सांगतात ते असे की, सायकलचे चाक पंक्चर झाल्यामुळे मास्टरजी एका दुकानात थांबले असता तेथे ट्रकच्या टायरवर नवे रबर चढविण्याचे काम चालले होते. उष्णता आणि गंधक यांनी रबर पक्के करण्याच्या प्रक्रियेचे पेटंट चार्ल्स गुडइयर यांनी १८४४ साली घेतले होते. सव्वाशे वर्षांनी तीच विद्या जयपूरच्या एका रस्त्यावरच्या दुकानात कामी आली. जे रबर ट्रकचे ओझे घेऊन डांबरी रस्त्यावर टिकते, ते माणसाचे ओझे घेऊन शेतात का टिकू नये? दुकानदाराने साच्यात पाऊल ओतून दिले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत, असेही सांगतात. पुढे डॉ. कासलीवाल आणि डॉ. उडावत यांचेही साहाय्य झाले, अनेक नमुने फसले, आणि १९६८ च्या सुमारास जो पाय सिद्ध झाला तो 'जयपूर फूट' म्हणून जगभर गेला.

त्याची घडण पाहिली म्हणजे चांगल्या पादत्राणाचे सर्व गुण एका जागी दिसतात. टाचेत आणि चवड्यात हलके, सच्छिद्र रबर. घोट्याशी लाकडाचा ठोकळा. भोवती टायरच्या दोऱ्याचे मजबूत अस्तर. आणि वर कातडीच्या रंगाच्या रबराचे आवरण. सारे साच्यात घालून, भाजून एकजीव केलेले. घोट्याशी तो सर्व बाजूंनी थोडा वळतो, म्हणून उकिडवे बसता येते आणि खाचखळग्यांतून चालता येते. पाण्याने बिघडत नाही. बुटावाचून चालतो, आणि हवी तर वर वहाणही घालता येते. आणि त्याला बोटे आहेत. या बोटांचा चालण्याला फारसा उपयोग नाही. तरीही ती केली, कारण माणसाला आपला पाय पायासारखा दिसावयास हवा असतो. देखणेपण ही चैन आहे, गरिबाला मजबुती पुरे, असे मानणारा अधिकारी येथे चुकतो. जी वस्तू घालावयास लाज वाटते ती माणूस घालीत नाही. जी घातली जात नाही ती कितीही मजबूत असली तरी निरुपयोगीच.

डॉ. सेठी यांना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. मास्टरजींचे नाव मात्र फार थोड्यांच्या तोंडी आले. या पायाचा प्रसार झाला तो देवेंद्र राज मेहता या भारतीय प्रशासन सेवेतील अधिकाऱ्यामुळे. १९६९ साली मोटार-अपघातात त्यांचा स्वतःचा पाय जाता जाता वाचला. रुग्णशय्येवर पडल्या पडल्या त्यांनी जे पाहिले त्यातून १९७५ साली भगवान महावीर विकलांग सहायता समिती उभी राहिली. तिच्या केंद्रांत पाय विनामूल्य मिळतो, आणि अफगाणिस्तानच्या सुरुंगांनी पाय नेलेल्या माणसांपर्यंत तो पोहोचला. मुंबईत वाढलेल्या नर्तकी सुधा चंद्रन याच पायावर पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या.

आता आपल्या बुटांकडे वळू. स्वतःसाठी निवडताना नियम थोडेच आहेत. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय फुगलेला असतो. अंगठ्यापुढे बोटभर जागा असावी, टाच मात्र घट्ट बसावी. तळवा नुसता चिकटवलेला आहे की वरच्या कातड्याला शिवलेला, ते वाकवून पाहावे. शिवलेला असेल तर झिजल्यावर बदलता येतो. कातड्याला तेल द्यावे, ओला बूट जयपूरच्या उन्हात वाळवू नये, सावलीत वाळवावा, आणि दोन जोड असल्यास एकेका दिवसाआड विश्रांती द्यावी. कामाच्या जागी पोलादी टोपीचा आणि घोटा झाकणारा बूटच हवा. तेथे मोजडी नको.

परंतु आपणांपैकी पुष्कळांच्या हाती दुसऱ्यांचे बूट निवडण्याचेही काम येते. धरणावर, रस्त्यावर, खाणीवर मजुरांसाठी पादत्राणांची निविदा निघते, सर्वांत स्वस्त दर मंजूर होतो, वाटप झाल्याची सही होते. आठ दिवसांनी पाहावे तो बूट झोपडीच्या कोपऱ्यात आणि मजूर अनवाणी. आपण म्हणतो, या लोकांना सवयच नाही. हेच वाक्य कृत्रिम पाय टाकून देणाऱ्या शेतकऱ्याविषयीही सहज म्हणता आले असते. जयपूरच्या त्या रुग्णालयात ते म्हटले गेले नाही. तेथे विचारले गेले की, हा पाय तू का टाकलास? त्या एका प्रश्नातून पुढचे सारे निघाले. मंजुरीपूर्वी दोन जोड आणून दोन मजुरांना महिनाभर घालावयास द्यावेत, आणि ते काय सांगतात ते टिपणीत लिहावे. याला कोणत्याही नियमाची आडकाठी येऊ नये.

चितोडगडावर मीराबाईंच्या मंदिरासमोर एक लहानशी छत्री आहे. ती संत रविदासांची, म्हणजे आपल्या रोहिदासांची, मानतात. परंपरा म्हणते की चर्मकाराच्या कुळात जन्मलेल्या या संताला मेवाडच्या राजघराण्यातील मीरेने गुरू मानले. छत्रीत मूर्ती नाही. दगडात कोरलेली पावले आहेत. तेथे जाणारा माणूस आपले जोडे बाहेर काढतो आणि त्या पावलांवर डोके ठेवतो. 'पायीची वहाण पायी बरी' म्हणणाऱ्यांनी बदलीच्या गावी असताना एकदा तेथे अवश्य जाऊन यावे.