मानसोपचार : स्वतःला ओळखण्याची वाट

मानसोपचार म्हटले की आजही अनेकांच्या डोळ्यांसमोर मनोरुग्णालयच उभे राहते. 'मला काय वेड लागले आहे?' हा प्रश्न मग ओघानेच येतो आणि मनातले दुःख मनातच राहते. वस्तुतः मानसोपचाराचा लाभ होणाऱ्या बहुसंख्य व्यक्तींना रुग्णालयात दाखल होण्याची गरज नसते. त्यांना गरज असते ती निवांत बोलता येईल अशा जागेची आणि शास्त्रशुद्ध रीतीने ऐकून घेणाऱ्या माणसाची.

वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात हा विषय केवळ शहरी चर्चेचा नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सोयाबीन, तूर व कापूस पिकविणारा आणि मोठ्या प्रमाणावर पावसावर अवलंबून असलेला. २००६ मध्ये केंद्राने पश्चिम विदर्भातील शेतकरी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यात वाशीमचा समावेश होता. कर्ज, सिंचन, बियाणे यांचा विचार त्यात झाला. शेतकऱ्याच्या मनाचा स्वतंत्र विचार शासकीय पातळीवर झाला तो २०१५ मध्ये, 'प्रेरणा प्रकल्पा'च्या रूपाने. विदर्भ व मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत आशा कार्यकर्त्यांमार्फत तणावग्रस्तांचा शोध, समुपदेशन व १०४ क्रमांकाची दूरध्वनी सेवा अशी त्याची रचना होती.

सल्ला नव्हे, शोध

समुपदेशक उपदेश करीत नाही. 'धीर धर, सगळे ठीक होईल' हे तर घरचेही सांगतात. उपचारक प्रश्न विचारतो आणि उत्तर शोधण्याचे काम समोरच्या व्यक्तीकडेच राहते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती हे त्याचे उत्तम उदाहरण. महाराष्ट्रात ही पद्धती रुजविण्यात कि. मो. फडके यांचा वाटा मोठा आहे. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या 'आयपीएच' संस्थेनेही तिचा प्रसार केला.

या पद्धतीनुसार घटना व तिचा मनावरील परिणाम यांच्यामध्ये एक दुवा असतो. तो म्हणजे आपली समजूत. पीक गेले, ही घटना. 'घरच्यांना पुरवू शकलो नाही, म्हणजे मी नालायक', ही समजूत. पहिली वस्तुस्थिती आहे, दुसरी तपासून पाहता येते. एका हंगामावरून संपूर्ण माणसाचे मोल ठरते का? शेजाऱ्याचे पीक गेले तर त्याला आपण असेच म्हणू का? अशा प्रश्नांतून माणसाला वर्षानुवर्षे न तपासलेले स्वतःचे कठोर निकष प्रथमच दिसू लागतात. आत्मशोध म्हणतात तो हाच. दुःख नाहीसे होत नाही, मात्र दुःख आणि स्वतःविषयीचा तिरस्कार यांतील फरक कळतो.

गावातच मिळणारी मदत

प्रत्येक तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ मिळणे अवघड आहे. यावरचा मार्ग शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आजमावला गेला. तेथील ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पाने स्थानिक कार्यकर्त्यांना व समुपदेशकांना प्रशिक्षण दिले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. त्याच वर्षी गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांतील अभ्यासही प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांच्या सहा ते आठ भेटींनंतर ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. मानसोपचाराने कर्ज फिटत नाही की सोयाबीनचा भाव वाढत नाही. तीव्र आजारात औषधे लागतात व ती मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांनीच द्यावयाची असतात. तथापि, खचलेल्या मनाला समोरचे मार्गही दिसत नाहीत. ते दिसू लागणे हेच या उपचाराचे फलित.

मदत केव्हा, कोठे?

झोप उडणे, भूक मंदावणे, कामात व माणसांत रस न वाटणे, सतत अपराधी वाटणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर मदत घ्यावी. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलून दाखविल्यास ते थट्टेवारी नेऊ नये. त्या व्यक्तीला एकटे न सोडता तातडीने उपचार मिळवून द्यावेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असे उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माहिती शासकीय रुग्णालयात मिळते. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर २४ तास निःशुल्क बोलता येते, मराठीतही. पहिले वाक्य जुळवून ठेवण्याची गरज नाही. 'मला बरे वाटत नाही' एवढे म्हटले तरी पुरते.