वाट सांगणे आणि वाट दाखवणे : ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेच्या जुन्या-नव्या भागांविषयी

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॉरोविंड’ या संगणकीय खेळात एखाद्या गुहेपर्यंत पोहोचायचे असेल, तर आधी माणसांशी बोलावे लागे. कुणी सांगे, की वेशीबाहेर पडून उत्तरेची वाट धर, पूल ओलांडलास की नदी डाव्या हाताला ठेव, पुढे दोन सुळक्यांमधून चढण लागेल. हे बोलणे खेळणाऱ्याच्या रोजनिशीत उतरे आणि पुढची सारी मदार त्या चार ओळींच्या वाचनावर राही. २००६ मध्ये याच मालिकेतला ‘ऑब्लिव्हियन’ आला. त्यात पडद्याच्या तळाशी होकायंत्राची पट्टी होती आणि पट्टीवर बाण होता. बाणाच्या दिशेने चालत राहिले की मुक्काम येतो. सांगणाऱ्याने काय सांगितले, हे आठवण्याची गरज उरत नाही.

दोन भागांत अवघे चार वर्षांचे अंतर आहे. या चार वर्षांत चित्रे देखणी झाली, आवाज आले, खेळणाऱ्यांची संख्या वाढली. आणि भाषेकडे असलेले एक काम काढून घेतले गेले. या खेळांच्या इतिहासात आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच घटना. मराठी शिकवणाऱ्यांनी असल्या विषयाकडे वळावे याचे आमच्या काही स्नेह्यांना नवल वाटले. पण आमच्यापैकी एक जळगावला आणि एक धुळ्याला ज्या वर्गांपुढे उभे राहतात, त्या वर्गांतील मुलांनी जे दीर्घ अद्भुतकथन खरोखर शेवटपर्यंत नेले आहे, ते बहुधा याच प्रकारचे असते. त्याची दखल घ्यायला आणखी कुणाची परवानगी हवी, असे आम्हाला वाटत नाही.

थोडा पूर्वेतिहास सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेतल्या बेथेस्डा या संस्थेने १९९४ मध्ये ‘अरीना’ हा पहिला भाग काढला. मूळ कल्पना आखाड्यात झुंजणाऱ्या मल्लांची होती. काम वाढत गेले, आखाडा बाजूला पडला आणि साऱ्या साम्राज्यात भटकण्याचा भूमिका-खेळ तयार झाला. प्रचारसाहित्य आधीच छापून झाल्यामुळे नाव मात्र आखाड्याचेच राहिले. या भागाचे प्रमुख रचनाकार विजय लक्ष्मण होते आणि ‘एल्डर स्क्रोल्स’ हे मालिकेचे नाव त्यांनीच सुचवले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसते.

१९९६ चा ‘डॅगरफॉल’ आकाराने अचाट होता. त्याची भूमी ग्रेट ब्रिटनएवढी असल्याचा दावा निर्माते करीत. सामान्यतः दिला जाणारा आकडा सुमारे एक लाख साठ हजार चौरस किलोमीटर असा आहे. म्हणजे आपल्या जळगावसारखे तेरा जिल्हे. त्यात पंधरा हजारांच्या आसपास गावे, मठ, भुयारे होती. अर्थात एवढी भूमी हाताने कोण घडवणार? ती संगणकाने ठरावीक नियमांनुसार मांडली होती. त्यामुळे एक गाव पाहिले की शंभर गावे पाहिल्यासारखे होते. नकाशावर बोट ठेवून दूरच्या गावी क्षणात पोहोचण्याची सोय याही खेळात होती. तेव्हा जुने ते सारे पायी चालण्याचे आणि नवे ते सारे सोयीचे, अशी सरळ विभागणी करता येत नाही. एवढेच खरे, की गावात शिरल्यावर एखादे दुकान कुठे आहे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारावे लागे. तो दिशा सांगे किंवा नकाशावर खूण करून देई.

पुढची दोन वर्षे संस्थेला वाईट गेली. १९९७ चा ‘बॅटलस्पायर’ आणि १९९८ चा ‘रेडगार्ड’ हे मालिकेचे उपभाग बाजारात पडले. तरी ‘रेडगार्ड’सोबत दिलेली छोटी पुस्तिका उल्लेखनीय आहे. ती साम्राज्याच्या अधिकृत मार्गदर्शिकेच्या थाटात लिहिलेली होती आणि तिच्यात सत्ताधाऱ्यांचा सूर इतका स्पष्ट होता, की वाचणाऱ्याला तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटू नये. अविश्वसनीय निवेदकाचा हा प्रयोग पुढच्या भागात फळाला आला.

टॉड हॉवर्ड यांच्या नेतृत्वाखाली आणि केन रोल्स्टन यांच्या रचनेत सिद्ध झालेल्या ‘मॉरोविंड’ची भूमी ‘डॅगरफॉल’च्या मानाने चिमुकली होती. पंचवीस चौरस किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे एखाद्या मोठ्या गावाच्या शिवाराएवढी. पण तिचा बांध अन् बांध हाताने रचलेला होता, आणि म्हणून तिच्याविषयी बोलता येत होते. जी भूमी यंत्राने मांडली तिच्यात ‘त्या वाकड्या झाडापाशी वळ’ असे सांगण्यात अर्थ नसतो, कारण तसे झाड कुणी मुद्दाम लावलेले नसते. लांबच्या प्रवासासाठी अवाढव्य कीटकांच्या पाठीवरची वाहतूक होती, नावा होत्या. पण त्यांचे मार्ग ठरलेले. अमळनेरहून साक्रीला निघालेल्या माणसाने धुळ्याला गाडी बदलावी, तसा हा हिशेब खेळणाऱ्याला मनात ठेवावा लागे. दहा-वीस तास खेळल्यावर त्या बेटाचा नकाशा डोक्यात तयार होई तो याच कटकटीमुळे.

इथे आम्हाला ‘स्थानपोथी’ची आठवण होते. चक्रधरस्वामी जिथे जिथे गेले, बसले, राहिले, त्या स्थानांची ही महानुभावीय नोंद. देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, त्याचे दार कोणीकडे, त्याच्या शेजारी कोणते दुसरे देऊळ, ओटा कुठे, असा तिचा रोख असतो. शैली म्हणावी तर नाहीच. विद्यार्थ्यांना ती रुक्ष वाटते आणि त्यात त्यांची चूक नाही, कारण खुर्चीत बसून वाचण्यासाठी ती लिहिलेलीच नाही. वाचणारा उठून त्या स्थळी जाणार आहे, हे तिने गृहीत धरलेले आहे. भडगाव तालुक्यातल्या कनाशीला जाऊन आलेल्या मुलाला अशा गद्याची गोडी कळू शकते. न गेलेल्याला समजावताना आमची दमछाक होते. ‘मॉरोविंड’च्या रोजनिशीतले गद्य त्याच जातीचे आहे. त्याचा अर्थ पायाखाली लागतो. आणि आपल्या भागात वाट विचारण्याचा अनुभव ज्याला आहे, त्याला हेही ठाऊक असते, की सांगणारा ‘तठे’ म्हणताना हात किती लांब करतो यावर अंतर जोखायचे असते. वाट सांगण्यात सांगणाऱ्याचा स्वभाव, घाई, नव्या माणसाविषयीचा संशय, सारे येते.

दोष होतेच. काही सूचना संदिग्ध होत्या, तर काहींत चक्क दिशाच चुकलेल्या होत्या. एका गावातले दहा जण एकाच प्रश्नाला अक्षरशः तोच परिच्छेद ऐकवत. सुरुवातीच्या रोजनिशीत सगळी कामे तारखेच्या क्रमाने एकात एक मिसळलेली असत. कामांनुसार वेगळ्या नोंदी पाहण्याची सोय त्याच वर्षीच्या पुरवणी भागात आली. ही गैरसोय म्हणजेच कला, असे म्हणणाऱ्या जुन्या खेळाडूंच्या कळपात आम्ही नाही.

परंतु वाचनावर विसंबण्याची ही रीत केवळ रस्त्यांपुरती नव्हती. नायकाला कामाला लावणारा गुप्तहेर एका टप्प्यावर त्याच्या हाती कागदांचे भेंडोळे देतो आणि वाच म्हणतो. कथेच्या मुळाशी नेरेवार या प्राचीन वीराचा मृत्यू आहे. देवळाचे पुजारी तो एका रीतीने सांगतात. राखेच्या माळरानावरचे भटके लोक म्हणतात, की त्याच्याच तीन साथीदारांनी त्याला मारले. त्या तिघांपैकी एक, जो आता देव होऊन बसला आहे, तो तिसरेच सांगतो. खेळ निवाडा देत नाही. नायक त्या वीराचा खरा पुनर्जन्म आहे की नाही, हेही शेवटपर्यंत उघडे राहते.

‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी खालशाच्या धाडीत हरवली आणि ती निरनिराळ्या शिष्यांच्या स्मरणातून पुन्हा उभी राहिली, त्यातून पाठ वेगळे झाले, हे आपण दरवर्षी शिकवतो. पाठभेद म्हणजे ग्रंथाचे दुखणे नसून त्याच्या जगण्याचा पुरावा असतो, हे एम. ए.च्या वर्गात पटवून देणे सोपे नसते. या मालिकेने मात्र ते खेळाच्या रचनेतच आणले. ‘डॅगरफॉल’ला सहा-सात परस्परविरोधी शेवट होते, खेळणारा ज्याच्या बाजूने जाईल तो जिंके. पुढचा भाग लिहिताना कोणता शेवट खरा धरायचा? मालिकेतल्या नंतरच्या ग्रंथांनी उत्तर दिले, की सगळेच घडले, त्या वेळी काळच तुटला होता. ही पळवाट म्हणावी तर आहे. पण पुराणांशी परिचित असलेल्या वाचकाला तिच्यात परके काही वाटणार नाही.

‘ऑब्लिव्हियन’मध्ये बाण आला, त्यामागे आळस नव्हता. बोलण्याचा जवळजवळ प्रत्येक शब्द आता नटांकडून ध्वनिमुद्रित करायचा होता. सम्राटाला पॅट्रिक स्ट्युअर्ट यांचा आवाज होता, त्याच्या वारसाला शॉन बीन यांचा. ध्वनिमुद्रित शब्दाला पैसा लागतो, जागा लागते, आणि एखादी टेकडी ऐन वेळी हलवली तर लिहिलेले वाक्य बदलता येते, मुद्रित झालेले सहजी बदलत नाही. शिवाय खेळ आता दिवाणखान्यातल्या दूरचित्रवाणी संचावर, लांब बसून खेळला जाणार होता. तिथे परिच्छेद वाचायचे कुणी? आवाज मिळाला आणि बोलणे आटले, असा हा उलटा व्यवहार झाला. वाट सांगण्याचे काम बाणाने घेतल्यावर पात्रे केवळ काम सांगू लागली.

२०११ च्या ‘स्कायरिम’ने ही रीत पूर्णत्वाला नेली. पट्टी पडद्याच्या माथ्यावर गेली. शक्ती, बुद्धी, चापल्य असे मूळ गुण रद्द झाले, आधी वर्ग निवडण्याची अट गेली, आणि यंत्राने रचलेली न संपणारी कामे आली. इथे ‘डॅगरफॉल’चे भूत मागल्या दाराने परत आले, असे म्हणायला हरकत नाही. बदलाची आणखी एक खूण आम्हाला बोलकी वाटते. ‘मॉरोविंड’मध्ये कथेला आवश्यक असलेले पात्रही मारता येई; मग खेळ एवढेच कळवी, की भविष्यवाणीचा धागा तुटला आहे, जुन्या नोंदीवर परत जा अथवा या मोडक्या जगात राहा. ‘ऑब्लिव्हियन’पासून अशी पात्रे मरत नाहीत, बेशुद्ध पडतात आणि थोड्या वेळाने अंग झटकून उठतात. वाट चुकण्याची मुभा आणि कथा मोडण्याची मुभा एकाच वेळी गेली.

वाचकांनी ‘स्कायरिम’ला दोष देण्यापूर्वी त्याचा हिमप्रदेश पाहावा. तसा देखावा जुन्या भागांत नाही. २०२३ पर्यंत त्याच्या सहा कोटींहून अधिक प्रती खपल्याचे हॉवर्ड यांनी सांगितले, आणि हा खप केवळ जाहिरातीचा नव्हे. आमचा आक्षेप नेमका आहे. बाण बंद करता येतो, असे त्याचे समर्थक म्हणतात. करता येतो, पण तो बंद केल्यावर कुणाच्याही बोलण्यात वाट सापडत नाही, कारण ती लिहिलेलीच नाही.

इथवर आमचे दोघांचे एकमत आहे. पुढे नाही. धुळ्याकडच्या लेखकाचे म्हणणे असे, की ‘मॉरोविंड’चे सारे वैभव इंग्रजी वाचता येणाऱ्यासाठी होते. अहिराणी घरात बोलणारा, मराठी शाळेत शिकलेला मुलगा त्या परिच्छेदांपुढे थबकत असे. बाणाने त्याला आत घेतले. ज्याला भाषेच्या दारात अडवले गेले आहे, त्याच्यापुढे भाषेच्या ऱ्हासाचे दुःख करणे हे प्राध्यापकी दुःख आहे. जळगावकडच्या लेखकाला हे मान्य आहे, पण पुरेसे वाटत नाही. त्याच्या माहितीतली काही मुले शब्दकोश शेजारी ठेवून जुना भाग खेळत आणि त्यातून जे इंग्रजी आले ते वर्गात आले नव्हते. बाणामागे चालणाऱ्यांना खेळ मिळाला, तो शब्दसंग्रह मिळाला नाही. यावर धुळ्याचा प्रश्न असा, की जी मुले अडखळून परत गेली त्यांची मोजदाद कुणी केली? त्या मुलांना हाच मजकूर मराठीत का मिळू नये, हा प्रश्न मात्र आम्हा दोघांनाही सारखाच छळतो. मालिकेचे भाग फ्रेंच, जर्मन भाषांत निघाले. आपल्या भाषेत वाट सांगणारे पात्र तिच्या एकाही भागात नाही.

दरम्यान, बाण सर्वांनीच निमूट स्वीकारलेला नाही. २०२२ मध्ये जपानच्या ‘एल्डन रिंग’ने कामांची नोंदवही आणि कामांमागे धावणारा बाण दोन्ही टाळले, आणि तरीही तो लोकप्रिय झाला. २०२५ च्या एप्रिलमध्ये ‘ऑब्लिव्हियन’ नव्या चित्रांसह पुन्हा निघाला, त्यात बाण तसाच आहे. अधिक कुतूहलाची गोष्ट हौशी खेळाडूंनी केली आहे. त्यांनी ‘स्कायरिम’साठी मूळ खेळात नसलेल्या सूचना स्वतः लिहून नोंदवहीत जोडल्या : अमक्या शहराच्या कोणत्या दिशेला, कोणत्या नदीच्या काठी, कोणत्या घाटाच्या अलीकडे. त्यासाठी कुणाला तरी तो प्रदेश एकेका स्थळापाशी थांबत नजरेखालून घालावा लागला आणि मग बाण झाकून वाट शब्दांत मांडावी लागली.